दम धरू नका : अंदमानात स्कूबा शिकायला निघालेल्या सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. वयाच्या 41व्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याचा, पूर्ण कोर्स केला. तेव्हापासून नात्यातले, शाळेतले, सोसायटीतले लोक भेटले की तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं. कुणी नुसत्या ऐकीव भीतीपोटी मागे राहू नये, आणि कुणी अर्धवट माहितीवर पाण्यात उतरूही नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ताई, आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. समुद्राशी आपला काय संबंध? आपल्याला जमेल का?

जमेल. माझं पोहणं मोहोळ तालुक्यातल्या आजोळच्या विहिरीतलं. मामानं पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधला आणि दिलं ढकलून. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीतच डबा सुटला. खोल, काळं, तळ न दिसणारं पाणी आपल्या पोरांनी लहानपणीच पाहिलेलं असतं. शहरातल्या स्विमिंग पुलात शिकलेल्यांना समुद्रात पहिल्यांदा पायाखाली काही लागत नाही तेव्हा जी धडकी भरते, ती मला भरली नाही.

पण विहिरीची एक सवय मात्र मोडावी लागते. आपण बुडी मारून दम धरायचो, वर काठावर बसलेली पोरं आकडे मोजायची, आणि ज्याचा आकडा मोठा तो शूर. स्कूबात नेमकं हेच करायचं नाही. का, ते खाली सविस्तर लिहिलं आहे. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, तेवढं वाचाच.

पोहता येत नाही. तरी चालेल का?

नुसती चव घेण्यापुरती डाइव्ह करायची असेल तर चालतं. शिक्षक पूर्ण वेळ बरोबर असतो. पूर्ण कोर्स करून पात्रतेचं कार्ड हवं असेल तर न थांबता 200 मीटर पोहून दाखवावं लागतं, किंवा मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पायात घालायचे पंखे) घालून 300 मीटर. वेळेची अट नाही, कुठल्याही पद्धतीनं पोहा. शिवाय 10 मिनिटं कशाचाही आधार न घेता पाण्यावर तरंगून राहायचं. सोलापुरात दोन-तीन महिने रोज सकाळी जलतरण तलावावर गेलात तर हे सहज होतं. मी 18 फेऱ्यांवर दमत होते, दीड महिन्यात 30 झाल्या.

ती वीस मिनिटांची डाइव्ह करावी की पूर्ण कोर्स?

यावर माझं मत ठाम आहे. हातात चार दिवस असतील तर कोर्सच करा.

मी आधी एकदा एका किनाऱ्यावर झटपट डाइव्ह केली होती. होडीतच एक फॉर्म पुढे आला. मी वाचायला लागले तर म्हणाले, "मॅडम, सगळीकडे 'नाही' लिहा आणि सही करा." सराव म्हणून दोनदा तोंडातून श्वास घ्यायला लावला आणि उतरवलं. खाली माणसानं माझा सिलिंडर मागून घट्ट धरलेला. एखादं गाठोडं न्यावं तसं त्यानं मला नेलं, ब्रेडचा चुरा टाकून मासे गोळा केले, फोटो काढला आणि वर आणलं. उजवा कान पुढे आठवडाभर दुखत होता, कारण कानाचा दाब कसा सोडायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं. फोटो छान आला. पण मी तिथे काही केलं नव्हतं, मला नुसतं फिरवून आणलं होतं.

चांगल्या ठिकाणी केलेली पहिली ओळखीची डाइव्हही सुंदर असू शकते. तिथे आधी अर्धा-पाऊण तास उथळ पाण्यात सराव घेतात, फॉर्म वाचायला वेळ देतात आणि 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. एकच दिवस हातात असेल तर तशी जागा शोधून तीच करा.

कोर्समध्ये चार दिवस शिकवतात तरी काय?

या कोर्सला 'ओपन वॉटर' म्हणतात. पाडी आणि एसएसआय या दोन संस्थांची कार्डं भारतात जास्त चालतात. दोन्हीत 18 मीटरपर्यंत, जोडीदाराबरोबर, डाइव्ह करायची पात्रता मिळते. यातलं थोडं वाचन, थोडा उथळ पाण्यातला सराव आणि शेवटी समुद्रातल्या चार डाइव्ह. वाचनाचा भाग घरूनच ऑनलाइन उरकता येतो. मी रात्री जेवणं झाल्यावर आठ दिवसांत संपवला. तिथे बेटावर जाऊन खोलीत पुस्तक वाचत बसण्यात अर्थ नाही.

सरावात आधी साहित्य जोडायला शिकवतात. पाठीवर सिलिंडर, त्याला धरून ठेवणारं आणि हवा भरली की फुगणारं जॅकेट, म्हणजे बीसीडी. तोंडात सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारा रेग्युलेटर, कमरेला शिसाचे वजनपट्टे, पायात फिन्स. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा गैरसमज सगळीकडे आहे. त्यात आपली नेहमीचीच हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली, साधारण 200 बार दाबानं. कारच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ नव्वद पट.

मग एकेक कसब. तोंडातून रेग्युलेटर काढून टाकायचा, बाजूला हात फिरवून तो शोधायचा, पुन्हा तोंडात घालून आधी त्यातलं पाणी फुंकून बाहेर काढायचं. हवा संपली अशी खूण करून जोडीदाराच्या जादा नळीतून श्वास घ्यायचा. आणि सगळ्यांना नकोसं वाटणारं कसब म्हणजे मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घेऊन ते खालीच बाहेर काढणं.

मला ते दोनदा जमलं नाही. तिसऱ्या वेळी पाचेक मीटर खाली वाळूवर गुडघे टेकून बसले होते. शिक्षिकेनं माझ्या जॅकेटचा पट्टा धरला होता. मी मास्कची वरची कड उचलली, पाणी आत आलं, नाकाशी मीठ चुरचुरलं, डोळे गच्च मिटले. तोंडातून श्वास चालूच ठेवायचा, नाकानं आत ओढायचं नाही, एवढंच मनाशी म्हणत राहिले. मग मान थोडी वर केली, कपाळाकडची कड दाबून धरली आणि नाकातून लांब श्वास सोडला. पाणी खालच्या कडेतून निघून गेलं. डोळे उघडले तर समोर हातभर अंतरावर वाळूत एक बीळ. त्यातून बोटाएवढी कोळंबी पुढच्या नांग्यांनी वाळू ढकलत बाहेर येत होती आणि बिळाच्या तोंडाशी एक छोटा मासा निश्चल बसला होता. ती कोळंबी जवळजवळ आंधळी असते. ती बीळ खणते, मासा राखण करतो. तिची मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली असते, त्यानं शेपटी हलवली की ती आत पळते. मी हलले, आणि दोघंही दिसेनासे झाले.

शेवटचं आणि मला सर्वांत आवडलेलं कसब म्हणजे अधांतरी राहणं. जॅकेटात योग्य तेवढी हवा असली की माणूस वरही जात नाही आणि खालीही. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. हे साधलं की हात मारावे लागत नाहीत, प्रवाळाला धक्का लागत नाही आणि हवाही पुरते.

दम का धरायचा नाही?

समुद्रात दर 10 मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो. पृष्ठभागावर एक, 10 मीटरवर दोन, 20 वर तीन. दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत मावते.

विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली ती आक्रसते, वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. म्हणून तिथे दम धरण्यात छातीला धोका नसतो. स्कूबात मात्र आपण खालीच श्वास घेतो आणि रेग्युलेटर तिथल्या दाबाइतकीच दाट हवा देतो. 10 मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते. छाती तेवढी फुगू शकत नाही. फुप्फुस फाटू शकतं, हवेचा बुडबुडा रक्तात जाऊ शकतो. हवेच्या आकारातला सर्वांत मोठा फरक पृष्ठभागाजवळच्या मीटरांत होतो, म्हणून दीड-दोन मीटर खोलीच्या सरावाच्या टाकीतसुद्धा हा नियम तितकाच लागू आहे.

म्हणून श्वास चालू ठेवायचा. संथ, खोल, न थांबता. घाबरलात तरी, मासा पाहून हरखलात तरी.

यालाच जोडून दुसरा नियम : सावकाश वर या. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. भरकन वर आलात तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं होतं, तो बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सांधे दुखण्यापासून अंग लुळं पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. स्वतःच्या सर्वांत लहान बुडबुड्यांच्याही मागे राहायचं, आणि वर येण्याआधी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं.

हवा किती वेळ पुरते?

नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे 2200 लिटर हवा असते. दहा मीटरवर दर श्वासाला वरच्यापेक्षा दुप्पट हवा लागते. शांत माणसाला तिथे 40-50 मिनिटं मिळतात, धडपडणाऱ्याला वीससुद्धा नाही. सिलिंडर रिकामा करून वर यायचं नसतं, 50 बार शिल्लक ठेवायचे.

कान फुटतात म्हणे?

दाब सोडला नाही तर पडद्याला इजा होते. आंबोलीचा घाट उतरताना कान बंद होतात ना, तेच, फक्त जास्त जोरात आणि पहिल्या दोन मीटरमध्येच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात 'टक्' होतं. दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला करत राहायचं. दुखलं तर खाली रेटायचं नाही, थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, पैसे गेले तरी. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं तर जास्तच वाईट. गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना हवा कानात अडकते.

दमा, बीपी, शुगर असेल तर?

फॉर्ममध्ये खरं लिहा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हात जोडून विनंती करते. दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, मधुमेह, वरखाली होणारा बीपी, यातलं काही असेल तर डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं. 45च्या पुढच्यांना आणखी काही प्रश्न असतात. तो फॉर्म आधीच मागवून घ्या आणि सोलापुरातच आपल्या डॉक्टरांना दाखवा, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडूनही तपासून घ्या. तिथे बेटावर जाऊन "नाही" मिळालं की हिरमोड होतो आणि मग माणूस खोटं लिहायच्या मोहात पडतो. गरोदरपणात डाइव्ह करायची नाही, अगदी उथळसुद्धा.

चष्मा? मिशी? कवळी?

नंबरचे मास्क मिळतात, नंबर आधी कळवा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. भरघोस मिशीतून मास्कमध्ये पाणी शिरतं. वरच्या ओठाला व्हॅसलीन लावून भागतं, नाहीतर नाकाखालची थोडी कमी करा. कवळी किंवा हलणारा दात असेल तर आधी सांगा, कारण रेग्युलेटर दातांत धरायचा असतो.

बायकांना कपड्यांचं अवघडल्यासारखं होतं का?

वेटसूट गळ्यापासून गुडघ्यापर्यंत किंवा घोट्यापर्यंत असतो. आत पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घातला की कसलंच अवघडलेपण राहत नाही. माझ्याबरोबर साठीच्या एक बाई होत्या, त्या तर म्हणाल्या की साडीपेक्षा यात जास्त झाकलं जातं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या खोलीवरच ठेवा. केसांची घट्ट वेणी घाला. पाळी चालू असताना, तुम्हाला बरं वाटत असेल तर, डाइव्ह करता येते. शार्क येतो वगैरे काही खरं नाही.

मुलांना नेता येईल?

कोर्स 10 वर्षं पूर्ण झाल्यावर. त्याहून लहान असतील तर स्नॉर्केलिंग करू द्या. पण मुलाला स्वतःला हवं असेल तरच.

शार्क, मगरी यांचं काय?

प्रवाळातले छोटे शार्क माणूस दिसला की वळून जातात, दिसले तर नशीब समजायचं. मला अजून दिसलेले नाहीत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्या मुख्यतः खाडीच्या आणि खारफुटीच्या बाजूला. किनाऱ्यावर सूचनेची पाटी असेल तर तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. प्रत्यक्षात इजा होते ती हात लावण्यानं. दगडासारखा दिसणारा स्टोनफिश, पिसाऱ्यासारखे काटे पसरलेला लायनफिश, समुद्री साळू. कशालाच हात लावायचा नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

कधी जावं आणि सोलापूरहून कसं?

नोव्हेंबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत. पाणी 27 ते 30 अंश असतं, थंडी वाजत नाही.

मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग सोलापुरातूनच जातो. संध्याकाळ-रात्रीच्या गाडीनं निघून चेन्नई, तिथून विमानानं साधारण दोन तासांत पोर्ट ब्लेअर. हैदराबादवरूनही जाता येतं. शहराचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे, विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा. तिथून बोटीनं दोनेक तासांत हॅवलॉक, म्हणजे 2018 पासूनचं स्वराज द्वीप. बहुतेक डाइव्ह सेंटर्स तिथेच आहेत. शेजारच्या नील बेटाचं नाव आता शहीद द्वीप, तेही शांत आणि छान आहे.

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीपासून घ्या. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ नका, थोडं कोरडं खा. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. होडीवर तेवढंच पोटात टिकलं, आणि शिक्षिकेनं उरलेली चटणी मागून घेतली.

सेल्युलर जेल आधी पाहावं की नंतर?

नंतर. यामागे कारण आहे. विमानात हवेचा दाब कमी असतो, अंगात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरू शकतो. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास थांबायचं. मी पूर्ण 24 धरते. बहुतेक टूरवाले उतरल्या दिवशीच जेल दाखवतात आणि शेवटच्या सकाळी पाण्यात उतरवतात. त्यांना उलटं करायला सांगा. आधी हॅवलॉक, मग शेवटचा अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरला. सावरकर 1911 ते 1921 त्या जेलमध्ये होते. ती कोठडी परतीची घाई नसताना पाहावी, संध्याकाळी प्रांगणात शांत बसावं.

खर्च किती?

कोर्सचे 30,000 रुपयांच्या आगेमागे धरा, दर सीझनप्रमाणे बदलतात. साहित्य, कार्डाची फी आणि होडी त्यात धरली आहे का, हे लेखी विचारा. प्रवास, राहणं वेगळं. स्वस्तातला पाहून ठरवू नका, पोरांच्या ट्यूशनला आपण जेवढी चौकशी करतो तेवढी इथेही करा.

अंदमान लांब पडतं. मालवणला नाही का शिकता येणार?

येतं. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, आणि मराठीत समजावून सांगणारी माणसं भेटतात हा मोठा फायदा. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पावसाळ्यात सगळं बंद. कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आहे, सोलापूरहून विजापूर-हुबळीमार्गे गाडीनं जाता येतं.

पण आपल्यासाठी एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. विमानाचा नियम घाटालाही लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर आहे, खुद्द सोलापूर साडेचारशेच्या वर. सकाळी दोन डाइव्ह करून त्याच दुपारी गाडी काढून घाट चढायचा नाही. रात्र मालवणला काढा, दुसऱ्या दिवशी निघा.

चांगलं सेंटर कसं ओळखायचं?

फॉर्म वाचायला वेळ देतात का. एका शिक्षकामागे चारपेक्षा जास्त माणसं तर नाहीत ना. होडीवर ऑक्सिजनचा संच आहे का, दाखवा म्हटलं तर दाखवतात का. "सर्दी आहे" म्हटल्यावर काय उत्तर येतं. आणि माशांना ब्रेड घालत असतील तर तिथून परत फिरा.

खाली दिसतं तरी काय?

पहिल्यांदा जाणवतात ते रंग जाणं आणि आवाज येणं. लाल रंग काही मीटरमध्येच फिका पडतो, माझी लाल नेलपॉलिश काळपट दिसत होती. शिक्षिकेनं टॉर्च मारला आणि लाल परत आली. आवाज सगळीकडून येतो, दिशा कळत नाही. एक कुरकुर सतत ऐकू येत होती, खोबरं चावल्यासारखी. तो पोपटमासा होता, चोचीनं प्रवाळ खरवडत होता. त्याच्या पोटातून ते वाळू होऊन बाहेर पडतं. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा आहे.

केशरी-पांढरे क्लाउनफिश समुद्रफुलांत राहतात. ते सगळे जन्मतः नर असतात. घरातली मोठी मादी गेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. शाळेत हे सांगितलं तेव्हा सातवीच्या वर्गाला खरं वाटेना.

प्रवाळ पांढरं पडलेलंही दिसतं. 2010 साली पाणी तापून अंदमानातलं खूप प्रवाळ पांढरं पडलं होतं. ज्या जागी ते पुन्हा उगवतंय तिथे बोटभर निळसर फांद्या आहेत, त्यांना फिन लागली की तुटतात. म्हणून अधांतरी राहायला शिका म्हणते.

आठवण म्हणून एखादं प्रवाळ आणलं तर?

नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. किनाऱ्यावर मेलेलं पडलेलं असलं तरी.

अंगठा वर केला तर काय होतं?

शिक्षक तुम्हाला वर घेऊन जातो. पाण्यात वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा आहे. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. फोटोची सवय असलेल्यांची पहिली डाइव्ह यापायी अर्ध्यात संपलेली मी पाहिली आहे.

कार्ड किती वर्षं चालतं? परत सोलापुरात आल्यावर सराव कुठे?

कार्ड आयुष्यभर चालतं, पण हात विसरतो. वर्षभर खंड पडला तर पहिल्या दिवशी उथळ पाण्यात उजळणी मागून घ्या, लाजायचं नाही. सोलापुरात सिलिंडर घेऊन सराव करायची सोय मला सापडलेली नाही. मी तलावावर आठवड्यातून तीनदा पोहते आणि शनिवारी मास्क-स्नॉर्केल घेऊन जाते. पहिल्या शनिवारी पोरं भोवती जमली, एकानं विचारलं, "मॅडम, किती वेळ दम धरता?" त्याला स्नॉर्केल दिलं आणि तोंड पाण्यात घालून नुसता श्वास घ्यायला सांगितलं. आता दर शनिवारी चौघं-पाचजण रांग लावतात, म्हणून एक जादा स्नॉर्केल मागवलं आहे.